नव्या ग्राफिक्स कार्डवर ठिपके, पट्टे, काळा स्क्रीन : दोष कार्डात आहे की बाहेर, ते कसं शोधायचं

नवीन कार्ड बसवलं आणि स्क्रीनवर रंगीत ठिपके उठू लागले, गेममधल्या भिंतींतून अणकुचीदार त्रिकोण बाहेर आले किंवा मध्येच सगळं काळं होऊन परत येऊ लागलं, तर सगळ्यात आधी बिलाची तारीख बघा. ऑनलाइन घेतलेल्या वस्तूला बदलून मिळण्याची मुदत बहुधा आठवडा-दहा दिवसांचीच असते आणि दुकानदारही पहिल्या काही दिवसांतच कार्ड हातोहात बदलून देतो. त्यानंतर कार्ड कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला जातं, तिथे थांबावं लागतं, आणि परत येताना नव्याऐवजी दुरुस्त केलेलं कार्ड हाती पडू शकतं. म्हणून खालच्या चाचण्या झटपट निकाल देणाऱ्यांपासून सुरू केल्या आहेत. पहिल्या दोन-तीन चाचण्यांना अर्धा तास लागतो आणि बऱ्याचदा तेवढ्यातच संशयित सापडतो.

बिघाड दिसताक्षणी मोबाइलवर व्हिडिओ काढून ठेवा. अशा तक्रारी सर्व्हिस सेंटरच्या टेबलावर हमखास लपून बसतात, तेव्हा तो व्हिडिओच कामी येतो.

आधी स्क्रीनशॉट, मग बायोस

चित्र तयार होऊन डोळ्यांपर्यंत येण्याचा रस्ता असा : कार्डाची मुख्य चिप चित्र रंगवून कार्डाच्याच मेमरीत म्हणजे व्हीरॅममध्ये ठेवते, तिथून डिस्प्लेचं सर्किट ते उचलतं, केबलवरून पाठवतं आणि मॉनिटर ते दाखवतो. स्क्रीनशॉट घेतला की मेमरीतल्या चित्राची प्रत निघते. केबल आणि मॉनिटर त्याच्या पुढे असल्यामुळे त्यांचा दोष त्या प्रतीत येऊच शकत नाही.

म्हणून बिघाड दिसत असतानाच स्क्रीनशॉट घ्या आणि तो फोनवर पाठवून बघा. त्याच मॉनिटरवर बघून काही उपयोग नाही. फोनवरही ठिपके दिसले तर दोष कार्ड, ड्रायव्हर (विंडोजला कार्ड चालवायला शिकवणारं सॉफ्टवेअर), गेम किंवा कॉम्प्युटरच्या बाकीच्या भागांत आहे. फोनवर चित्र स्वच्छ असेल तर केबल, पोर्ट, मॉनिटर यांच्याकडे वळा. एक अपवाद लक्षात ठेवा. माउसचा बाण आणि काही व्हिडिओ वेगळ्या थरातून अगदी शेवटी मिसळले जातात, त्यामुळे त्यांचा बिघाड स्क्रीनशॉटमध्ये नेहमी उतरत नाही.

दुसरी चाचणी बायोसची, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगची. कॉम्प्युटर रीस्टार्ट करून डिलीट किंवा एफ२ दाबा आणि बायोसच्या पडद्यावर पाच-दहा मिनिटं थांबा. इथे विंडोज नाही, ड्रायव्हर नाही, गेम नाही. तरीही चौकटीदार ठसे, उभ्या पट्ट्या किंवा अक्षरांच्या जागी रंगीत कचरा दिसत असेल, तर सॉफ्टवेअरमध्ये वेळ घालवू नका. केबल आणि मॉनिटर बदलून एकदा खात्री करा. तरीही तसंच दिसलं तर कार्ड परत करा, बहुधा व्हीरॅमची एखादी चिप किंवा तिचं सोल्डरिंग गेलेलं असतं. मात्र बायोस स्वच्छ दिसला म्हणून कार्ड निर्दोष ठरत नाही. तिथे कार्डावर भार जवळजवळ नसतो आणि मेमरीचा अगदी छोटा भाग वापरला जातो.

बिघाडाचं रूप काय सांगतं

रूप पाहून निदान पक्कं होत नाही, पण पुढची चाचणी कोणती घ्यायची ते कळतं. एकसारख्या अंतरावर, जाळीसारखे येणारे हिरवे-जांभळे चौकोन व्हीरॅमकडे बोट दाखवतात, कारण मेमरीचे पत्ते ठरावीक क्रमाने चिपांमध्ये वाटलेले असतात आणि एक चिप बिघडली की तोच क्रम पडद्यावर उमटतो. ताणले गेलेले त्रिकोण आणि हवेत लटकणारे तुकडे मुख्य चिप, मेमरी, ड्रायव्हर किंवा गेम यांपैकी कशामुळेही येऊ शकतात. तोच प्रकार तीन वेगवेगळ्या गेममध्ये दिसला तर गेमला दोष देता येत नाही.

चांदण्यांसारखे लुकलुकणारे पांढरे ठिपके आणि सेकंदभर काळा होऊन परत येणारा पडदा, विशेषतः जास्त रिफ्रेश रेटवरच (पडदा सेकंदाला जितक्या वेळा नवं चित्र दाखवतो तो वेग), हे केबलचं लक्षण. पडदा काळा, कार्डाचे पंखे पूर्ण वेगात आणि आवाज काही क्षण चालू, असं झालं तर आधी पॉवर तपासा.

काही गोष्टींना उगाच बिघाड समजलं जातं. कॅमेरा वळवताना चित्र आडवं कापल्यासारखं दिसणं म्हणजे टीअरिंग. व्ही-सिंक किंवा जी-सिंक, फ्रीसिंक चालू केलं की ते जातं. याउलट हेच बदलत्या रिफ्रेश रेटचं फीचर चालू असताना व्हीए आणि ओएलईडी मॉनिटरवर मेनूत किंवा लोडिंगच्या वेळी गडद भागाची उजळी फडफडते. तो पॅनेलचा गुण आहे, कार्ड बदलून जाणार नाही. फीचर बंद करून फडफड थांबली तर शंका मिटली.

केबल आणि मॉनिटर

जुन्या कार्डावर चाललेली केबल नव्यावर का चालत नाही, हा प्रश्न साहजिक आहे. नवं कार्ड आलं की आपण १४४ हर्ट्झ, दहा बिट रंग, एचडीआर हे सगळं चालू करतो आणि त्याच तारेतून कितीतरी जास्त डेटा जाऊ लागतो. एचडीएमआय २.० ची कमाल १८ गिगाबिट प्रतिसेकंद, डिस्प्लेपोर्ट १.४ ची ३२.४, एचडीएमआय २.१ ची ४८. जुनी केबल खालच्या वेगाला ठीक चालते आणि वरच्या वेगाला बिट गाळू लागते.

चाचणी सोपी आहे. डिस्प्ले सेटिंगमध्ये रिफ्रेश रेट ६० वर आणा. बिघाड थांबला तर केबलवर संशय घ्या. शक्यतो मॉनिटरच्या खोक्यातली, २ मीटरच्या आतली केबल लावून बघा, कार्डावरचा दुसरा पोर्ट वापरा, डिस्प्लेपोर्टऐवजी एचडीएमआय लावा. ४के १२० हर्ट्झसाठी एचडीएमआय केबल घ्यायची तर 'अल्ट्रा हाय स्पीड' प्रमाणपत्राचं, क्यूआर कोड असलेलं लेबल बघून घ्या. काही स्वस्त डिस्प्लेपोर्ट केबलमध्ये २० क्रमांकाची पिन दोन्ही टोकांना जोडलेली असते. ती जोडायची नसते, कारण तीतून मॉनिटरचा ३.३ व्होल्ट उलटा कार्डात येतो आणि कॉम्प्युटर सुरू होताना विचित्र अडचणी उभ्या राहतात.

प्रोसेसरमध्ये अंगभूत ग्राफिक्स असेल तर तीच केबल आणि तोच मॉनिटर मदरबोर्डच्या पोर्टला लावून बघा. तिथेही तसंच दिसलं तर कार्ड सुटलं.

कार्डाची बैठक आणि पॉवर

कॉम्प्युटर बंद करा, एसएमपीएसचं (कॉम्प्युटरला वीज पुरवणाऱ्या डब्याचं) मागचं बटण बंद करा, प्लग काढा आणि उरलेला करंट निघून जावा म्हणून कॅबिनेटचं पॉवर बटण पाच सेकंद दाबून धरा. मग कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावून स्थिर वीज उतरवा आणि कार्ड काढा. सोनेरी दातांवर किंवा पोर्टवर प्लास्टिकचं संरक्षक टोपण राहिलंय का ते पाहा. परत बसवताना स्लॉटच्या टोकाची खिट्टी 'टक्' वाजली पाहिजे आणि मागचे स्क्रू आवळल्यावर कार्ड पुन्हा तिरकं होता कामा नये. तीन पंख्यांची कार्डं वजनदार असतात आणि मोकळ्या टोकाला झुकतात. त्या ताणाने स्लॉटमधला संपर्क ढिला होतो, पुढे बोर्डला चीरही जाऊ शकते. आधाराची दांडी लावा. सोबत मिळाली नसेल तर बाजारात स्वस्तात मिळते. कार्ड हाताने जरा वर उचलून धरल्यावर बिघाड थांबत असेल, तर निदान तिथेच झालं.

पॉवरचा हिशेब असा. स्लॉटमधून कमाल ७५ वॉट, ६ पिनच्या जोडणीतून ७५, ८ पिनच्या जोडणीतून १५० आणि नव्या १६ पिनच्या जोडणीतून ६०० पर्यंत. कार्डाला दोन ८ पिनच्या जोडण्या असतील तर एसएमपीएसपासून दोन स्वतंत्र केबली आणा. एकाच केबलची पुढे फुटलेली दोन टोकं लावली की एका केबलवर दुहेरी भार येतो, व्होल्टेज पडतं आणि नेमक्या जड दृश्यात पडदा जातो. मॉड्युलर म्हणजे केबली सुट्या करता येणाऱ्या एसएमपीएसच्या केबली दुसऱ्या ब्रँडच्या एसएमपीएसला कधीही लावू नका. एसएमपीएसकडच्या टोकाची पिनांची मांडणी वेगळी असते आणि चुकीच्या पिनेवर १२ व्होल्ट गेले तर कार्ड जळतं.

१६ पिनच्या प्लगकडे जास्त लक्ष द्या. ऑक्टोबर २०२२ मध्ये आरटीएक्स ४०९० बाजारात आलं आणि लगेच वितळलेल्या प्लगचे फोटो येऊ लागले. पूर्ण आत न गेलेला प्लग हे त्याचं एक मोठं कारण निघालं. नंतरच्या १२व्ही-२x६ रचनेत संवेदक पिना आखूड केल्या, म्हणजे प्लग अर्धवट असेल तर कार्ड पूर्ण पॉवर मागतच नाही. प्लग आणि सॉकेट यांच्यात फट दिसता कामा नये आणि प्लगपासून साडेतीन सेंटिमीटरच्या आत केबल वाकवायची नाही. काचेचं दार लावताना केबल दाबली जात असेल तर कॅबिनेट अपुरं पडतंय.

वॉट पुरेसे असूनही एसएमपीएस कमी पडू शकतो, कारण आधुनिक कार्डं काही मायक्रोसेकंदांसाठी सरासरीपेक्षा कितीतरी जास्त पॉवर ओढतात. एसएमपीएसच्या एटीएक्स ३.० मानकात म्हणूनच १०० मायक्रोसेकंदांसाठी २०० टक्के भार पेलण्याची अट आली. जुना एसएमपीएस अशा झटक्याला घाबरून बंद पडतो आणि कॉम्प्युटर रीस्टार्ट होतो. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, म्हणजे विंडोजच्या नोंदवहीत, कर्नल-पॉवर (Kernel-Power) ४१ ही नोंद दिसते. एचडब्ल्यूइन्फो (HWiNFO) या व्होल्टेज-तापमान दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये भाराखाली कार्डाचं १२ व्होल्टचं रीडिंग ११.४ च्या खाली जात असेल तर एसएमपीएस किंवा केबल बदलून बघितल्याशिवाय कार्डाला दोष देऊ नका.

कार्ड उभं लावायला रायझर केबल वापरली असेल तर ती काढून कार्ड थेट स्लॉटमध्ये लावा. पीसीआयई म्हणजे स्लॉटच्या जोडणीचं मानक, आणि त्याच्या ३.० आवृत्तीसाठी बनवलेली रायझर ४.० च्या वेगाला बऱ्याचदा टिकत नाही आणि मग काळा पडदा, झटके, ठिपके हे सगळं एकदम सुरू होतं. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये व्हीया-लॉगर (WHEA-Logger) १७ च्या नोंदींची रांग लागली असेल तर स्लॉट आणि कार्ड यांच्यातल्या संवादात चुका होत आहेत. बायोसमध्ये स्लॉटचा वेग 'ऑटो'वरून 'जेन ३' करा. तेवढ्याने सगळं शांत झालं तर दोष रायझर, स्लॉट किंवा कार्डाचे दात यांत आहे.

ड्रायव्हर

जुन्या कार्डाच्या ड्रायव्हरचे अवशेष, विशेषतः एएमडीवरून एनव्हिडियावर किंवा उलट गेल्यावर, खरोखर त्रास देतात. नुसतं वरून नवीन ड्रायव्हर टाकणं पुरेसं नाही. नवीन ड्रायव्हर आणि डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर म्हणजे डीडीयू आधी उतरवून घ्या. मग इंटरनेट तोडा, नाहीतर विंडोज मध्येच स्वतःचा ड्रायव्हर टाकून मोकळं होतं. शिफ्ट दाबून रीस्टार्ट करा, ट्रबलशूट, अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, स्टार्टअप सेटिंग्ज असं जाऊन सेफ मोड निवडा. ड्राइव्ह एनक्रिप्ट केलेली असेल तर बिटलॉकरची की आधीच हाताशी ठेवा. डीडीयूत आधीच्या आणि आताच्या, दोन्ही कंपन्यांचे ड्रायव्हर साफ करा, रीस्टार्ट करा, ड्रायव्हर टाका आणि मगच नेट जोडा.

सगळ्यात नव्या ड्रायव्हरवर बिघाड राहिला तर एक-दोन आवृत्त्या मागे जाऊन बघा. सप्टेंबर २०२० मध्ये आरटीएक्स ३०८० ची नवीकोरी कार्डं गेममध्ये कोसळत होती. सगळीकडे कपॅसिटरची चर्चा पेटली, पण त्याच महिन्यात आलेल्या ४५६.५५ ड्रायव्हरने बहुतेकांचा त्रास संपला. उलटा अनुभव २०१८ चा. आरटीएक्स २०८० टीआयच्या सुरुवातीच्या कार्डांवर ठिपके येत होते, आणि तेव्हा एनव्हिडियाने मान्य केलं की काही सदोष बोर्ड तपासणीतून निसटून बाहेर गेले होते. तिथे कार्ड बदलणं हाच उपाय होता.

'डिस्प्ले ड्रायव्हर प्रतिसाद देईनासा झाला आणि सावरला' अशी ४१०१ क्रमांकाची नोंद म्हणजे कार्डाने विंडोजला दोन सेकंदांत उत्तर दिलं नाही. रजिस्ट्रीत ही मुदत वाढवायचा सल्ला बरेच जण देतात. त्याने फक्त लक्षण झाकलं जातं, परतीच्या मुदतीत तर ते मुळीच करू नका.

विंडोजवर शंका उरलीच तर उबुंटू पेनड्राइव्हवर टाका, त्यावरून कॉम्प्युटर सुरू करा आणि इन्स्टॉल न करता 'ट्राय' निवडा. वेगळी ऑपरेटिंग सिस्टिम, वेगळा ड्रायव्हर, आणि तरीही तेच ठिपके दिसले, तर हार्डवेअरचाच दोष.

कार्डाचं सोंग घेणारे दुसरे दोष

रॅम आणि प्रोसेसर यांच्याकडे लोक सहसा बघत नाहीत. गेमची टेक्श्चर, म्हणजे भिंती-जमिनीवर चिकटवलेली चित्रं, डिस्कवरून रॅममध्ये येतात, प्रोसेसर ती उलगडतो, मग ती कार्डाच्या मेमरीत जातात. वाटेत एक बिट उलटला तरी पडद्यावर घाण दिसते आणि कार्ड बदनाम होतं. बायोसमध्ये एक्सएमपी किंवा एक्स्पो, म्हणजे रॅमचा वाढीव वेग, बंद करून बघा. फरक पडला तर रॅम तपासणाऱ्या मेमटेस्ट८६ चे चार पास (फेऱ्या) चालवा. प्रोसेसर ओव्हरक्लॉक किंवा अंडरव्होल्ट केलेला असेल तर तेही मूळ पदावर आणा.

इंटेलच्या १३ व्या आणि १४ व्या पिढीचा आय७ किंवा आय९ असेल तर हे फार महत्त्वाचं आहे. या प्रोसेसरांवर अनरिअल इंजिनच्या गेममध्ये 'आउट ऑफ व्हिडिओ मेमरी' असा संदेश येऊन गेम बंद पडायचा. संदेशात व्हिडिओ मेमरीचं नाव, दोष मात्र प्रोसेसरचा. इंटेलने २०२४ च्या ऑगस्टमध्ये ०x१२९ आणि पुढे ०x१२बी हे मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतल्या सूचनांच्या दुरुस्त्या) दिले, ते मदरबोर्डच्या बायोस अपडेटमधून येतात. आधी ते टाका. झिजलेला प्रोसेसर मात्र अपडेटने बरा होत नाही, तो वॉरंटीत बदलून घ्यावा लागतो.

आता कार्डाला ताण द्या

ओसीसीटी (OCCT) या ताण-चाचणीच्या सॉफ्टवेअरमध्ये व्हीरॅमची स्वतंत्र चाचणी आहे. ती चालवताना बाकी सगळं बंद ठेवा. मूळ वेगावर एकही चूक चालत नाही. 'दोनच तर आल्या' असं म्हणून सोडून देऊ नका. दुजोरा म्हणून मेमटेस्ट-व्हल्कन (memtest_vulkan) हे व्हीरॅम तपासणारं दुसरं सॉफ्टवेअर चालवा, त्याची प्रमाण चाचणी पाच मिनिटांत होते. त्यानंतर ओसीसीटीचीच थ्रीडी चाचणी, चुका शोधण्याचा पर्याय चालू ठेवून, अर्धा तास. या चाचण्या दोनदा घ्या : रात्रभर बंद राहिलेल्या थंड कॉम्प्युटरवर आणि तासभर गेम खेळून तापलेल्या. सोल्डरचा कच्चा सांधा कधी थंड असताना सुटतो, कधी तापल्यावर.

सोबत एचडब्ल्यूइन्फो उघडं ठेवून तापमान बघा. मुख्य चिप ६५ अंशांवर निवांत आणि मेमरी १०५ वर, असा मोठा फरक दिसला तर मेमरीवरचा थर्मल पॅड नीट बसलेला नाही. जीडीडीआर६एक्स मेमरी ११० अंशांच्या आसपास स्वतःचा वेग कमी करते. नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यात खोलीच ४० च्या वर असते, तेव्हा हे आकडे आपोआप वर सरकतात. म्हणून कॅबिनेटचं दार काढून समोर टेबल फॅन लावा आणि चाचणी पुन्हा घ्या. आता बिघाड थांबला तर आधी कॅबिनेटमधली हवा सुधारा, आणि मेमरी तरीही एकटीच तापत असेल तर कार्ड परत करा.

आणखी एक चाचणी फार बोलकी आहे. एमएसआय आफ्टरबर्नर या कार्डाचा वेग बदलणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये मुख्य चिपचा वेग १०० मेगाहर्ट्झने कमी करून बघा. तो परत शून्यावर आणा, मग मेमरीचा ५०० ने कमी करा. दोन्हींपैकी कशाने ठिपके थांबले ते लिहून ठेवा. कंपनीने खोक्यावर जो वेग छापला आहे त्या वेगाला कार्ड टिकत नाही, हे यातून सिद्ध होतं. हा वेग कायमचा कमी ठेवून गप्प बसायचं नाही. पूर्ण पैसे मोजले आहेत, आणि असा कमकुवत भाग पुढे आणखी बिघडण्याचीच शक्यता जास्त.

शेवटचा आणि सगळ्यात भक्कम पुरावा म्हणजे अदलाबदल. कार्ड मित्राच्या कॉम्प्युटरला लावा, तुमच्या कॉम्प्युटरला जुनं किंवा त्याचं कार्ड. बिघाड कार्डाबरोबर गेला तर वाद संपला.

काय करू नये, आणि परत कसं करावं

कूलर उघडू नका, थर्मल पेस्ट बदलू नका, दुसऱ्या मॉडेलचं व्हीबायोस (कार्डाचं स्वतःचं बायोस) टाकू नका. कार्ड ओव्हनमध्ये भाजण्याचा जुना उपाय तर पूर्ण विसरा. त्याने दोष गेल्यासारखा वाटला तरी काही दिवसांत परत येतो, कपॅसिटर आणि प्लास्टिकचे भाग खराब होतात, आणि वॉरंटी तिथेच जाते. कार्डावर बायोस बदलायचं छोटं बटण असेल तर ते मात्र बिनधास्त वापरा, ते ग्राहकासाठीच दिलेलं असतं.

तक्रारीत 'डिस्प्ले नीट येत नाही' एवढंच लिहिलं की कार्ड 'तपासलं, ठीक आहे' असा शेरा घेऊन परत येतं. नेमकं लिहा : कोणत्या चाचणीत, किती मिनिटांनी, किती चुका, कोणत्या ड्रायव्हरवर, दुसऱ्या कॉम्प्युटरवर काय झालं. व्हिडिओ आणि ओसीसीटीचा स्क्रीनशॉट जोडा. जीएसटी बिल, खोक्यावरचा आणि कार्डावरचा सीरियल नंबर जुळतो याचा फोटो ठेवा. कार्ड स्थिर विजेपासून वाचवणाऱ्या त्याच्याच पिशवीत घालून मूळ फोममध्ये पाठवा, पॅक करतानाही व्हिडिओ काढा.

मुंबईचा लॅमिंग्टन रोड असो की पुण्याची तापकीर गल्ली, बिलावर सीरियल नंबर लिहून घेतला असेल तर बोलणं सोपं जातं. दुबईहून किंवा अमेरिकेहून कुणाकडून मागवलेल्या कार्डाची वॉरंटी भारतात चालेल असं गृहीत धरू नका. बरेच ब्रँड ती देशापुरती ठेवतात, म्हणून कंपनीच्या साइटवर सीरियल नंबर टाकून आधी बघा. ऑनलाइन विक्रेता सदोष माल परत घ्यायला नकार देऊ लागला तर २०२० च्या ई-कॉमर्स ग्राहक संरक्षण नियमांनुसार त्याला तसं करता येत नाही. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा आणि तक्रारीचा क्रमांक विक्रेत्याला कळवा.

बदली कार्ड हाती आलं की सीरियल नंबर आणि वॉरंटीची तारीख तपासा, आणि व्हीरॅमची चाचणी, थंड आणि तापलेली, दोन्ही त्याच दिवशी घ्या.